बालवाडीच्या फाटकापुरता मामा

तिहोमिरला मुलगी आहे हे आमच्या अख्ख्या इमारतीला ठाऊक होतं. फक्त सरकारला ठाऊक नव्हतं. आणि ते सरकारला कळू नये म्हणून या माणसाने जी धडपड केली, तेवढ्या धडपडीत दुसऱ्या कुणी दोन संसार उभे केले असते.

सोफिया शहराच्या ल्युलिन वस्तीत तो लिफ्टचा मिस्त्री. आमच्या इमारती सगळ्या एका साच्यातल्या आणि लिफ्टही सगळ्या एकाच वयाच्या, म्हणजे म्हाताऱ्या. रोज कुठली ना कुठली दोन मजल्यांच्या मध्ये रुसून बसायची आणि आतून दारावर थापा पडायच्या. तिहोमिर गच्चीवरच्या मोटरच्या खोलीकडे जाता जाताच आतल्या बाईला ओरडून विचारायचा, "आजी, पिशवीत काय आहे? बटाटे? मग घाई नाही, नासत नाहीत." आतून शिव्या यायच्या, जिन्यावर हशा पिकायचा, आणि तेवढ्यात लिफ्ट सुरू झालेली असायची. असा बोलका माणूस. लोक त्याला मिस्त्री म्हणत, आणि घरचे तिशो.

घरचे म्हणजे नेवेना आणि त्याची आई त्स्वेता. नेवेना औषधाच्या दुकानात काम करायची. दोघं एकत्र राहत होती, लग्न करू करू म्हणता राहूनच गेलं होतं. आमच्याकडे त्यात कुणाला काही वाटत नाही. आई वस्तीच्या दुसऱ्या टोकाला, तिच्या गुडघेदुखीसकट एकटी राहायची.

नेवेनाला दिवस गेले होते तेव्हाची गोष्ट. सप्टेंबर होता आणि ल्युलिनच्या प्रत्येक बाल्कनीतून लाल मिरच्या भाजल्याचा वास येत होता. हे दोघंही बाल्कनीत बसून हिवाळ्याच्या बरण्यांसाठी मिरच्या भाजत, सोलत होते. हात कोपरापर्यंत लाल.

"तिशो, एक बोलू? रागवायचं नाही."

"मिरची करपतेय. लवकर बोल."

"बाळाच्या दाखल्यावर तुझं नाव नको घालूया."

तिहोमिरला वाटलं ती थट्टा करतेय. "मग कुणाचं घालतेस? चौथ्या मजल्यावरच्याचं?"

"कुणाचंच नाही. वडील अज्ञात, असं."

मग तिने समजावून सांगितलं. दुकानातल्या एका बाईने तिला सगळा हिशोब शिकवला होता. वस्तीत मुलं भरमसाट आणि सरकारी बालवाड्या मोजक्या, त्याही बऱ्याचशा आपल्या लहानपणच्याच. तेव्हा जागा द्यायची कुणाला, तर ज्याचे गुण जास्त त्याला. आजारी मुलाला गुण, तिसऱ्या मुलाला गुण, आणि ज्याचा बाप अज्ञात त्याला तर भरघोस गुण. आई आहे, बाप आहे, दोघं कामावर जातात, कर भरतात, अशा पोराच्या वाट्याला फार काही नाही. ते रांगेच्या शेपटाला. खाजगी बालवाडीत घालायचं तर नेवेनाचा पगार जसाच्या तसा तिथे नेऊन द्यायचा. घरी बसायचं तर दुकानवाला दुसरी बाई ठेवायला टपलेलाच. त्स्वेताला स्वतःलाच जिना उतरवत नव्हता, ती रांगत्या पोरामागे काय धावणार? आणि नेवेनाची आई केव्हाच वारलेली, गावाकडे एकटे वडील, गेन्चो.

"निम्मी वस्ती असंच करते," नेवेना म्हणाली. "जागा मिळाली की दुसऱ्या दिवशी जाऊन नाव चढवायचं. एक सही तर करायची असते."

तिहोमिरने मिरचीचं साल ओढून काढलं. त्याला थोडंसं लागलं होतं, पण सांगण्याइतकं नाही. कागद तो कागद, असं त्याच्या मनाने घेतलं. बाळाला कुशीत घेऊन फिरवणार मी, ताप आला की जागणार मी, मग कचेरीतल्या एका रकान्यात काय का असेना!

"घाल अज्ञात," तो म्हणाला. "नाहीतरी मला कोण ओळखतंय?"

इथेच चुकलं. पण तेव्हा ते कुणालाच चुकल्यासारखं वाटलं नाही. मला विचाराल तर त्याची एकट्याची ती चूक नव्हतीच. माणसांना असल्या पेचात घालणारे नियम ज्यांनी केले, त्यांच्या पोरांना कधी रांगेत उभं राहावं लागलं नसेल. असो, माझी चिडचिड बाजूला राहू दे.

मुलगी झाली. बिल्याना. तिच्या नावापुढे बापाच्या जागी आजोबांचं नाव लागलं, गेन्चेवा. गेन्चोने गावाहून फोन केला आणि आनंदाने ओरडला, "बघ तिशो, मला मुलगा नाही म्हणून लोक हळहळायचे. आता माझं नाव चाललं!" तिहोमिरच्या दोस्तांनी राकिया दारूचे पेले भरून आरोळी ठोकली, "अज्ञात बापाच्या आरोग्यासाठी!" तोही हसला, सगळ्यांत मोठ्याने. आमच्या इमारतीमागच्या बागेत तेव्हा संध्याकाळी जाऊन बघायचं होतं. चांगले धडधाकट अज्ञात बाप बाबागाड्या ढकलत, सूर्यफुलाच्या बिया चघळत फुटबॉलवर वाद घालत असायचे.

एकटी त्स्वेता हसली नाही.

"तुझा बाप जिवंत असता तर त्याने तुला उभा सोलला असता," ती म्हणाली.

"आई, तात्पुरतं आहे गं."

"या इमारतीही तात्पुरत्या म्हणूनच बांधल्या होत्या. मी अजून इथेच मरतेय."

बिल्यानाला पहिल्याच फेरीत जागा मिळाली. घराजवळचीच सरकारी बालवाडी, झाडांची, सकाळपासून संध्याकाळपर्यंतची. दुपारचं गरम जेवण, मग ओळीने मांडलेल्या छोट्या खाटांवर झोप, उठल्यावर फळ. बाई प्रेमळ. नेवेनाने तिहोमिरच्या गळ्यात हात टाकला आणि ती रडली. ते सुखाचं रडू होतं आणि त्याने ते मनापासून पाहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये त्याला स्नेझाना भेटली. चौथ्या मजल्यावरची, नवरा ट्रॉलीबस चालवायचा, मुलगा बिल्यानाच्याच वयाचा. त्यांनी अर्जात सगळं खरंखरं लिहिलं होतं. त्यांना जागा मिळाली नव्हती.

"अभिनंदन, मिस्त्री," ती म्हणाली.

"अं... कशाबद्दल?"

"तुम्हाला नव्हे हो. त्या अज्ञात माणसाला. कुठे भेटला तर माझ्याकडून सांगा."

ती चौथ्यावर उतरून गेली आणि तिहोमिर केबिनमध्ये तसाच उभा राहिला. पुढे कळलं, स्नेझानाने बेकरीतली नोकरी सोडली. पोराला ठेवणार कुठे? तेव्हापासून चौथ्या मजल्याचं बटण दिसलं की त्याला शरम वाटायची.

आता जाऊन नाव चढवूया, असं तो नेवेनाला म्हणाला. त्यावर बातमी आली, की कुठल्याशा वस्तीत एका बापाने असंच मागाहून नाव चढवलं आणि पोरीची जागा गेली. खरं की खोटं, कुणी पाहिलं नव्हतं. पण नेवेनाचा चेहरा पांढराफटक पडला. "या उन्हाळ्यानंतर बघू," ती म्हणाली. उन्हाळा गेला. "जरा मोठी होऊ दे." ती मोठी होत राहिली.

तेवढ्यात नेवेनाची पाळी संध्याकाळची झाली. पोरीला आणणार कोण? बालवाडीत ज्याचं नाव सांगितलेलं असेल त्याच्याच हाती मूल देतात. बालवाडीच्या लिलोवाबाईंनी विचारलं, तेव्हा नेवेना पटकन बोलून गेली, "माझा भाऊ येईल."

त्या रात्री जेवणाच्या टेबलाशी धडा सुरू झाला.

"बिल्याना, हा कोण?"

"बाबा."

"घरात बाबा. पण बालवाडीत कोण?"

पोरगी दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली.

"मामा," नेवेना म्हणाली. "फाटकाच्या आत मामा. चुकून बाबा म्हणालीस तर तुला बालवाडीतून काढून टाकतील. मग तुझी खाट दुसऱ्या मुलीला देतील. चालेल?"

बिल्यानाने जोरजोरात नकार दिला. खाटेवर तिच्यासाठी बदकाचं चित्र चिकटवलेलं होतं, ते ती कुणालाही द्यायला तयार नव्हती. तिहोमिरने भुवया उंचावून विचित्र आवाज काढला, "मी तुझा माऽऽमा!" ती खिदळली. खेळ जमला. आणि खरं सांगू, पहिल्या दिवशी ती फाटकातून धावत येऊन "मामा!" म्हणून त्याला बिलगली तेव्हा त्याला कौतुकच वाटलं, काय हुशार आहे पोर!

मुलं किती मन लावून शिकतात हे मोठ्यांच्या ध्यानातच येत नाही. थोड्या दिवसांनी फाटकाबाहेरही ती मामा म्हणू लागली. मग बागेत. मग एकदा सकाळी न्याहारीला, "मामा, चीज दे."

"अगं, आता घरी आहोत ना आपण," नेवेना हसून म्हणाली. "आता बाबा म्हण."

बिल्यानाने मान वळवून बघितलं. "पण खिडकी उघडी आहे."

तिहोमिरने उठून खिडकी लावली. तरी ती बाबा म्हणाली नाही, खात राहिली. तो हत्यारांची पेटी घेऊन कामाला निघून गेला.

मग कुणीतरी तक्रार केली. कुणी ते कळलं नाही. तिहोमिरने मनातल्या मनात स्नेझानावर संशय घेतला आणि नंतर स्वतःच म्हणाला, तिने केली असेल तरी मला बोलायला तोंड कुठे आहे? पालिकेची एक बाई इमारतीत येऊन, त्या घरात पुरुष राहतो का, असं विचारून गेली. शेजाऱ्यांनी चांगुलपणाने खांदे उडवले. पण नेवेनाची झोप उडाली. तेव्हा तिहोमिरने एका पिशवीत कपडे भरले आणि तो थोडे दिवस म्हणून आईकडे राहायला गेला.

थोडे दिवस! सुरुवातीला तो रात्रीच्या जेवणाला यायचा. मग कुणी बघेल म्हणून एक दिवसाआड. मग नेवेना दमून आलेली असायची, तर मग रविवारी. संध्याकाळी पोरीला बालवाडीतून आणून दारात सोडायचं, ती आईजवळ गेली की जिन्याने खाली उतरायचं, एवढंच त्याचं बाप असणं उरलं. तो लिफ्टने जात नसे. लिफ्टमध्ये कुणी ना कुणी भेटतं आणि विचारतं.

आईच्या घरी तो लहानपणीच्याच खोलीत झोपायचा. त्स्वेता त्याला सूप वाढायची आणि समोर बसून राहायची. बोलण्यासारखं जे होतं त्याबद्दल दोघांनाही बोलायचं नव्हतं. दिवसभर इमारती हसवणारा हा माणूस घरी आला की आवाज हरवल्यासारखा व्हायचा. कधी तो फोनवर बिल्यानाला विचारायचा, आज काय खाल्लं? "भात आणि दही." झोपलीस का? "हो." मग ती आईला फोन द्यायची. त्याला फार एकटं वाटायचं. असं वाटण्याचा आपल्याला हक्क आहे का, हेही त्याला कळत नव्हतं, कारण मुलगी होती, तिची आई होती, कुणी भांडलेलं नव्हतं, कुणी मेलेलं नव्हतं.

मग त्स्वेता गेली. हिवाळ्यात, सकाळी, चहाचं पाणी ठेवता ठेवता.

आमच्याकडे माणूस गेलं की त्याचा फोटो आणि दुःख करणाऱ्यांची नावं छापून ते पत्रक दारावर, झाडाला, बसथांब्यावर डकवतात. तिहोमिर छापखान्यात गेला. खिडकीमागच्या बाईने फोटो घेतला आणि पेन उचललं.

"दुःखी कोण कोण? नावं सांगा."

"मुलगा, तिहोमिर."

"सून?"

"नाही."

"नातवंडं?"

त्याने नेवेनाला आधीच फोन केला होता. ती रडली होती. त्स्वेतावर तिचा जीव होता, खोटं कशाला बोलू. पण शेवटी म्हणाली होती, "तिशो, बिल्यानाचं नाव नको रे. ते पत्रक भर रस्त्यावर लागणार. कुणी फोटो काढून पाठवला तर? एवढ्या दिवसांचं सगळं पाण्यात जाईल." आणि तो म्हणाला होता, "बरं."

"नातवंडं, साहेब?" बाईने पुन्हा विचारलं. मागे दुसरं कुणी दुःखात उभं होतं.

"नाहीत," तिहोमिर म्हणाला.

पत्रकावर त्स्वेताच्या खाली एकच नाव आलं. ज्या बाईने नातीसाठी लोकरीचे एवढे मोजे विणले की पोरीचे पाय वाढले तरी मोजे संपेनात, ती बाई सगळ्या वस्तीसमोर नातवंडाविना गेली. तिहोमिरने ते पत्रक स्वतःच्या हाताने दारावर चिकटवलं. चिकटपट्टी थंडीने धरत नव्हती म्हणून तो बराच वेळ तिथे तळवा दाबून उभा होता.

नेवेना बिल्यानाला घेऊन स्मशानात आली आणि मागे उभी राहिली. मेलेल्यांच्या नावाने गोड गहू वाटायची वेळ झाली तेव्हा पोरगी तिहोमिरजवळ आली, त्याच्या कोटाची बाही धरली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "मामा, तुझी आई मेली ना?"

"हो."

"मला वाईट वाटतं तुझ्यासाठी."

कुणीतरी तिला असं म्हणायला शिकवलं असेल. तिने ते नीट म्हटलं, गव्हाचा पेला घेतला आणि परत आईजवळ जाऊन उभी राहिली.

त्यानंतर दीड-दोन वर्षं गेली आणि मग जे व्हायला हवं होतं ते एकदाचं झालं. आधी देशभरातल्या सरकारी बालवाड्यांची फी रद्द झाली. मग बाजारामागच्या त्या मोकळ्या जागेत, जिथे वर्षानुवर्षं भटकी कुत्री आणि मोडक्या गाड्या पडून असायच्या, नवी बालवाडी उभी राहिली. मोठ्या खिडक्या, स्वतःचं स्वयंपाकघर, अंगणात घसरगुंड्या. जुन्या बालवाडीलाही दोन वर्ग वाढवून मिळाले. त्या वर्षी आमच्या वस्तीत ज्याने अर्ज केला त्याला जागा मिळाली. बापवाल्यांना, बिनबापाच्यांना, सगळ्यांना. गुणांकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. एवढं सोपं होतं, तर आधी काय हात बांधले होते का? पण मी परत चिडलो.

स्नेझानाच्या धाकट्या मुलीलाही जागा मिळाली. तो आमची लिफ्ट दुरुस्त करत होता तेव्हा ती दाराशी भेटली, तिच्या हातात छोटी नवी चप्पल होती, बालवाडीत घालायची.

"मिस्त्री," ती म्हणाली, "आता तुम्ही सापडलात तरी हरकत नाही."

तिहोमिरने खाली बघितलं. "तुमच्या थोरल्याची जागा आम्ही..."

"सोडा हो. मी पुष्कळ शिव्या घातल्या तुम्हाला. रोज, भांडी घासताना. पण जागाच नव्हत्या, तर तुम्ही आम्ही एकमेकांच्या ताटातलं ओढणार नाही तर काय करणार?" मग तिने त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि ती जरा हळू बोलली. "जा, नाव चढवा. पोर मोठी झालीय."

त्याच संध्याकाळी तो वर गेला. नेवेना स्वयंपाकघरात होती. त्याने सांगितलं. तिने हात पुसले, आणि खूप वेळ पुसतच राहिली.

"आता काय घाई आहे? पुढच्या वर्षी ती पहिलीत जाईल."

"घाई? नेवेना, घाई म्हणतेस तू?"

"ओरडू नकोस, ती झोपलीय."

तो खुर्चीवर बसला. ही खुर्ची नवी होती. कधी आणली ते त्याला माहीत नव्हतं.

"तू परत इथे राहायला येणार आहेस?" नेवेनाने विचारलं.

"तू बोलावतेयस?"

ती ओट्यावरची भांडी सारखी करू लागली. दोघांच्यात तिसरं कुणी आलं नव्हतं, मोठं भांडण झालं नव्हतं. आपण वेगळे राहतो असं लोकांना दाखवता दाखवता दोघांना त्याची सवय झाली होती, आणि ती मोडायला आधी कुणी तरी 'मला तुझी आठवण येते' असं म्हणायला हवं होतं. तिहोमिरला तिची आठवण यायची. त्या क्षणीही, समोर असताना येत होती. त्याने म्हटलं नाही. नेवेनाच्या मनात काय होतं ते मी सांगू शकत नाही, पण तिचे डोळे भरले होते.

"जा, चढव नाव," ती शेवटी म्हणाली. "मी आडवी येणार नाही. तुझीच आहे ती."

तिहोमिर सुट्टी टाकून, दाढी करून, लग्नाला निघाल्यासारखा पालिकेच्या कचेरीत गेला. खरंच एक सही होती. खिडकीतली बाई म्हणाली, "अभिनंदन! कधी झाली मुलगी?" तो म्हणाला, "झाली कधीचीच. जरा उशीर झाला मला यायला." आईला हरकत घ्यायला असते ती मधली मुदत सरली, नेवेनाने शब्द पाळला, आणि नवा दाखला आला. बिल्याना तिहोमिरोवा. त्याने तो जिन्यावर उभं राहून वाचला आणि घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला. त्या दिवशी ल्युलिनमध्ये ज्या ज्या लिफ्टमध्ये तो शिरला, त्या त्या लिफ्टमधल्या माणसाला त्याने सांगितलं, "मला मुलगी झाली!" लोक म्हणाले, मिस्त्री, ती तर सहा वर्षांची होत आली. "हो ना," तो म्हणाला, "चांगली मोठीच झाली."

नेवेना म्हणाली होती की पोरीला तूच सांग, तुझ्या तोंडून ऐकू दे. संध्याकाळी, वाटेत सांगायचं असं त्याने ठरवलं होतं. बालवाडीच्या फाटकाशी लिलोवाबाई उभ्या होत्या. त्यांना बघून त्याच्याने राहवेना. त्याने दाखला काढून दाखवला.

लिलोवाबाई हसल्या. "अहो मिस्त्री, आम्हाला पहिल्या महिन्यापासून ठाऊक आहे. तिचे कान बघा की! असले कान मामाकडून येतात होय? पण छान झालं. फार छान झालं." आणि त्यांनी आनंदाच्या भरात अंगणाकडे वळून हाक मारली, "बिल्याना! इकडे ये! बघ कोण आलंय!"

घसरगुंडीवरून उतरून बिल्याना आली. मागोमाग दोन-तीन मुली आल्या.

"सांग सगळ्यांना, कोण आलंय?"

"माझा मामा."

"अगं नाही," बाई म्हणाल्या. "नीट बघ. हे तुझे बाबा ना?"

बिल्यानाच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. तिने बाईंकडे पाहिलं, मुलींकडे पाहिलं, मग तिहोमिरकडे. तो हसत होता. सांग, बाळा, सांग, असं डोळ्यांनी म्हणत होता.

"नाही," ती म्हणाली. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "हा मामा आहे. मला बाबा नाहीत. कधीच नव्हते."

लिलोवाबाईंचा हात हवेतच राहिला. एक मुलगी म्हणाली, "मला आहेत." दुसरीने तिला ढकललं. बिल्याना जाऊन स्वतःची पिशवी घेऊन आली, बाईंना "येते" म्हणाली आणि तिहोमिरचा हात धरून त्याला ओढतच बाहेर घेऊन गेली.

कोपऱ्यापर्यंत ती ताठ चालत होती. कोपऱ्यावरच्या दुकानाशी थांबून तिने मागे बघितलं, कुणी येत नाहीसं पाहिलं, आणि त्याची बाही ओढून त्याला खाली वाकायला लावलं.

"बाईंनी मला फसवून विचारलं," ती कुजबुजली. तिचे गाल लाल झाले होते. "पण मी नाही सांगितलं."

तिहोमिर गुडघ्यावर बसला. त्याने खिशाकडे हात नेला.

"बिल्याना, ऐक. आता सांगितलं तरी चालतं. आता कुणाला काढत नाहीत. मी खरंच तुझा..."

तिने एक पाऊल मागे घेतलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तूपण?" ती म्हणाली. "तूपण मला फसवून बघतोयस?"

रस्त्यावरून ट्रॉलीबस गेली. तिहोमिरचा हात खिशापाशीच होता. त्याने तो काढून घेतला.

"नाही गं," तो म्हणाला. "शाब्बास. अगदी बरोबर बोललीस."

"एकदाही चुकले नाही मी."

"एकदाही नाही."

तिने डोळे पुसले, पिशवी त्याच्या खांद्याला अडकवली आणि रस्ता ओलांडायला त्याचा हात धरला.